ट्रॅक्टर ओढतो किती ते नंतर, थांबवतो किती ते आधी सांगा
विश्लेषण | तालुका प्रतिनिधी

कारखान्यांची धुराडी पेटली आणि रस्ते भरले. शिरोळ-हातकणंगल्यापासून पन्हाळा-राधानगरीपर्यंत कुठंही जा, तुमच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या असणारच. बाजूनं लोंबणारा ऊस, मागं मळलेला रिफ्लेक्टर आणि पुढं टेपचा दणदणाट. हॉर्न वाजवून वाजवून आपला अंगठा दुखतो, ड्रायव्हरला काही ऐकू जात नाही.

हंगाम सुरू झाला की दरवर्षी दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली बातमी म्हणजे कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम. फोटो निघतात, आम्हीच छापतो. दुसरी बातमी महिन्याभरात येते. कुठल्यातरी वळणावर ट्रॉली पलटी झालेली असते, नाहीतर अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकलेली असते. तीही आम्हीच लावतो. या दोन बातम्यांच्या मधे एक साधा प्रश्न आहे, तो मात्र कोणी विचारत नाही. मीही इतकी वर्षं विचारला नाही. या ट्रॅक्टरला या ट्रॉल्या झेपतात का?

झेपतात का म्हटलं की आपल्याकडं उत्तर तयार असतं, "ओढतोय की!" पन्नास एचपीचा ट्रॅक्टर वीस टन ऊस ओढतो, हे आपण रोज बघतो. पण ओढणं हे इंजिनाचं काम आहे आणि थांबवणं हे ब्रेकचं आणि टायरच्या पकडीचं. ट्रॅक्टर घेताना आपण एचपी विचारतो, अॅव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो. मागं किती वजन लावलं तर हा उतारावर थांबेल, हे शोरूममध्ये विचारलेला शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही.

आमच्या उतारावर काय झालं

दुसऱ्याचं सांगण्यापेक्षा घरचं सांगतो. आमचा भावकीतला ट्रॅक्टर कारखान्याला लावलेला. चालवायला पुतण्या. पोरगा हुशार, लायसन आहे, दारूचं नाव नाही. दोन हंगामांपूर्वी आमच्याच फडातली खेप घेऊन तो निघाला आणि मी मागून मोटारसायकलवर, त्याचा डबा घेऊन.

गावातून मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी ओढ्याकडं एक उतार आहे. फार मोठा नाही. सायकलवर पोरं पायडल न मारता खाली येतात एवढाच. पुतण्यानं तिथं नेहमीप्रमाणं न्यूट्रल टाकला. मी एकदा त्याला विचारलं होतं तर म्हणाला होता, "काका, न्यूट्रलला निवांत जातंय, डिझेल बी वाचतंय." मला काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मधेच समोर म्हैस आली. त्यानं ब्रेक मारला. आता ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, एक उजव्या चाकाचा, एक डाव्या. शेतात वळताना ते वेगळे लागतात. रस्त्यावर ते एकमेकांना जोडून लॉक करायचे असतात. फडातून निघताना तो लॉक लावायचा राहिला होता. पाय पडला एका पायडलवर. एकच चाक धरलं, ट्रॅक्टर आडवा वळला आणि मागच्या ट्रॉल्या थांबायला तयार नव्हत्या. पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या कुशीत शिरली, दुसरी रस्ता सोडून बांधावर चढली आणि आडवी झाली. पुतण्या डाव्या बाजूला फेकला गेला, शेजारच्या उसात. हात मोडला, बाकी वाचला. म्हैसही वाचली. दहा मिनिटांपूर्वी त्याच उतारावरून शाळेची पोरं गेली होती.

लोक जमले. कोण म्हणालं नशीब, कोण म्हणालं देवाची कृपा. ऊस गोळा करून दुसऱ्या ट्रॉलीत भरला आणि संध्याकाळी खेप गेलीसुद्धा. त्या रात्री मी पहिल्यांदा काट्याची पावती हातात घेऊन नीट वाचली.

पावतीवरचा हिशेब

काट्याची पावती आपण फक्त शेवटच्या आकड्यासाठी बघतो, निव्वळ ऊस किती टन. वरचे दोन आकडे कोणी वाचत नाही. आमच्या आदल्या दिवशीच्या पावतीवर असं होतं. भरलेली गाडी २७ टन ४०० किलो. रिकामी गाडी ७ टन १०० किलो. ऊस २० टन ३०० किलो.

रिकाम्या गाडीत ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या आल्या. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण २ टन ३०० किलो. म्हणजे दोन ट्रॉल्यांचं लोखंड आणि उसाचं वजन धरून ट्रॅक्टरच्या मागं २५ टन १०० किलो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अकरा पट.

आता ब्रेक कुणाला? आपल्याकडच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना बहुतेक नसतात. आपल्या भागातल्या बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. म्हणजे सत्तावीस टनांची ही सगळी मिरवणूक थांबवायची जबाबदारी फक्त दोन चाकांवर.

जनावराच्या भाषेत सांगायचं तर बैलजोडी गाडी ओढते आणि उताराला मानेवर, पायावर रेटून धरतेही. पण बैलाच्या ताकदीचा अंदाज आपल्या आजोबांना होता. उतार आला की खाली उतरून चाकाला लाकूड लावायचे. ट्रॅक्टरला तो अंदाज आपण इंजिनाच्या आवाजावरून लावतो आणि तिथंच फसतो.

चढाला दुसरा ट्रॅक्टर, उताराला कोण?

चढावर भार जास्त झाला की लगेच कळतं. इंजिन बोंबलतं, पुढची चाकं उचलतात, धूर निघतो. मग आपण काय करतो? थांबतो, फोन लावतो, दुसरा ट्रॅक्टर आणून पुढं जोडतो. पन्हाळ्याच्या, शाहूवाडीच्या बाजूला हे रोजचं दृश्य आहे. उतारावर तोच भार गप्प असतो. इंजिन तक्रार करत नाही, उलट हलकं वाटतं. म्हणून उताराला दुसरा ट्रॅक्टर मागायची कोणाला आठवण होत नाही. पण जी गाडी चढायला दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत लागते, ती उतरताना एकट्याला कशी रोखता येईल?

साधं गणित करू. वीस फुटांमागं एक फूट उतार असला की गाडीच्या एकूण वजनाचा विसावा भाग खाली ढकलत असतो. सत्तावीस टनांचा विसावा भाग म्हणजे साडेतेराशे किलो. टायर रस्त्यावर घासून त्यातला काही भाग जिरतो, समजा चार-पाचशे किलो. उरलेले आठ-नऊशे किलो ट्रॅक्टरला मागून ढुशी देत राहतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याच्या स्वतःच्या वजनातला दीड टन येतो आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड त्याच्या अर्ध्याहून थोडी वर, म्हणजे आठ-नऊशे किलोच. बेरीज-वजाबाकी करून हातात शून्य. म्हणजे वेग जेमतेम वाढत नाही एवढंच. गाडी थांबवायला काहीच शिल्लक नाही.

आता याच रस्त्यावर फडातून आलेला चिखल पडलेला आहे, किंवा पहाटेचं दव आहे, किंवा कडेला वाळू आहे असं धरा. पकड निम्म्यावर येते, ढकलणं मात्र तेवढंच राहतं. पुढं काय होतं ते आमच्या ओढ्याच्या उतारानं दाखवलं. ट्रॉल्या ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, ट्रॅक्टर वाकडा होतो आणि सगळी साखळी घडी घातल्यासारखी मिटते.

काहीजण म्हणतात, आम्ही ब्रेकवर नाही, गिअरवर उतरतो. बरोबर आहे, तसंच उतरलं पाहिजे. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, उतारावर गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. न्यूट्रल तर कधीच नाही. पण गिअर असो की ब्रेक, साध्या ट्रॅक्टरमध्ये गाडी रोखणारी चाकं तीच मागची दोन. त्यांची पकड सुटली की गिअरही काही करू शकत नाही. चारही चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर असेल तर थोडा फरक पडतो, पण अकरा पट वजनाचं उत्तर तोही नाही.

आणि वेग. ताशी २० किलोमीटरला गाडी एका सेकंदात अठरा फूट जाते, ३० ला सत्तावीस फूट. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद जातोच. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. म्हणून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत येताना जो वेग सवयीचा झालेला असतो, तोच भरल्या गाडीला जीवघेणा ठरतो.

शिरोळच्या सपाट रस्त्याला जी जोडी वर्षानुवर्षं चालली, ती राधानगरीच्या रस्त्याला चालेलच असं नाही. ट्रॅक्टर तोच, ट्रॉल्या त्याच, पण रस्ता बदलला की भार बदलावा लागतो. जोडी जमवायची म्हणजे तीन गोष्टी जमवायच्या. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रस्ता.

हुक आणि पुढची चाकं

पुढची चाकं उचलणं हा आपल्याकडं मर्दुमकीचा विषय झालाय. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, गाणं लावून. पण पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग नावालाच उरतं. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. त्यासाठी कंपनीनं दिलेली लोखंडी वजनं पुढं लावायची. दोन माणसं बंपरवर उभी करणं हा त्याचा उपाय नव्हे. ती माणसं पडली तर थेट चाकाखाली येतात.

हुक जितका उंच, तितकं ट्रॅक्टरचं तोंड वर जातं. म्हणून ट्रॉली कायम खालच्या हुकालाच लावायची. वरच्या आर्मला साखळी किंवा दोर बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागच्या मागं उलटून ड्रायव्हरच्या अंगावर येऊ शकतो. फडात रुतलेली ट्रॉली काढताना हे जास्त होतं.

दोन ट्रॉल्या असतील तर जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. मागची जड झाली की ती शेपटीसारखी हलते आणि पुढच्या दोघांना हलवते. पिनेच्या जागी सळीचा तुकडा किंवा जुना बोल्ट घातलेला मी कितीतरी ठिकाणी बघितलाय. पिनेला खालून क्लिप आणि शेजारी एक सुरक्षेची साखळी, या दोन वस्तूंचा खर्च एका खेपेच्या डिझेलएवढाही नाही.

कायदा काय म्हणतो

कायद्याचं नाव काढलं की आपल्याला फक्त पावती फाडणारा माणूस आठवतो. पण कायदाही तोच प्रश्न विचारतो, झेपतं का?

ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, तिचं पासिंग वेगळं. ट्रॉलीच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. आमच्या ट्रॉल्यांच्या आरसीवर भरलेलं वजन प्रत्येकी ८ टन. दोन्ही मिळून १६. पावतीप्रमाणं मागं होते २५ टन १०० किलो. म्हणजे नऊ टनांहून जास्त बेकायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आमच्या त्या एका खेपेचा हिशेब ३८ हजारांवर जातो. शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. वजन करायला गाडी न थांबवता पळवली तर ४० हजार. ऊस बाजूला, मागं किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला असेल तर त्यालाही २० हजारांचा दंड सांगितलेला आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. कलम ६१ प्रमाणं ट्रॅक्टरचा नंबर सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे. मागून धडक बसून गाडी निघून गेली तर जखमी माणसाच्या घरच्यांच्या हातात तेवढाच पुरावा असतो. आपल्या रस्त्यांवर किती ट्रॉल्यांवर नंबर दिसतो, ते आज घरी जाताना मोजा.

लायसनबद्दल गावात खूप गैरसमज आहेत. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचं रिकामं वजन धरतात, ते त्याच्या आत बसतं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन निकामी होत नाही, हेही त्याच कोर्टानं २००१ साली सांगितलंय. म्हणजे लायसन असलेल्या ड्रायव्हरला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली देणाऱ्यानं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि २५ हजार दंड, अशी तरतूद आहे. हंगामात रात्रीच्या खेपेला "जरा वेळ धर" म्हणून पोराला बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

विमा आहे, पण कशाचा?

दंड परवडला, असं मी म्हणेन, कारण तो एकदाच बसतो. खरा धोका विम्याचा आहे.

बहुतेकांची पॉलिसी ट्रॅक्टरची असते. ट्रॉलीचा नंबर त्यात असतोच असं नाही. शिवाय पॉलिसीवर वापर "शेतीसाठी" असा लिहिलेला असतो आणि ट्रॅक्टर मात्र भाड्यानं दुसऱ्याचा ऊस वाहत असतो. आणि ट्रॉलीत उसावर टोळीतली माणसं बसलेली असतात. बाया, पोरं, भांडीकुंडी, कुत्रंसुद्धा. ट्रॅक्टरवर कायद्यानं जागा एकाचीच, ड्रायव्हरची. ट्रॉलीत तर माणसाची जागाच नाही.

अशा वेळी काय होतं, ते सुप्रीम कोर्टातल्या २००७ सालच्या एका निकालात दिसतं. मातीच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर खाली पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठीचा होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. कोर्टानं म्हटलं, विमा कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीनं त्याला पैसे आधी द्यावेत, पण ते नंतर मालकाकडून वसूल करावेत. मजुराला न्याय मिळाला, ते बरंच झालं. पण मालकाच्या बाजूनं वाचा. वसुली म्हणजे शेवटी त्याची जमीन, त्याचा ट्रॅक्टर, त्याचं घर.

बीडहून आलेली टोळी आपल्या फडात राहते, आपल्या विहिरीचं पाणी पिते. त्यांची लेकरं उसाच्या ढिगावर झोपवून रात्री नऊला फडातून निघणाऱ्या गाडीला आपण हात करतो, तेव्हा त्या लेकराच्या जिवाची कसलीच हमी त्या गाडीत नसते. एवढं तरी आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

दोष ड्रायव्हरचाच का?

अपघात झाला की पहिला दोष ड्रायव्हरला. पण जरा मागं जाऊन बघा. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता महिन्याला ठरलेला. टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली, ती बुडायची भीती कायम डोक्यावर. कारखान्यावर गेल्यावर काट्याला आणि गव्हाणीला नंबर लागेपर्यंत दहा-बारा तास कुठंच जात नाहीत. दिवसात दोन खेपा होतील म्हणून धंद्यात पडलेला माणूस एकाच खेपेवर येतो. मग ती एक खेप तो दोन खेपांएवढी भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणजे जादा भार रस्त्यावर आला की दिसतो, पण त्याचं मूळ काट्यासमोरच्या रांगेत आहे. रांग कमी झाली, तर भार कमी करायला सांगण्यात अर्थ आहे. नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला आपण उपाशी राहा म्हणून सांगतोय.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की जादा भाराची नोंद लपलेली नाही. वाळूचा डंपर रात्री चोरून जातो. उसाची गाडी मात्र दिवसाढवळ्या काट्यावर चढते आणि तिचं किलोपर्यंतचं वजन छापून तुमच्या हातात मिळतं. कुठल्या नंबरची गाडी, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती टन. कारखान्याकडं आहे, वाहतूकदाराकडं आहे, शेतकऱ्याकडं आहे. मोठा अपघात होऊन प्रकरण कोर्टात गेलं तर हीच पावती तिथं टेबलावर येऊ शकते. तेव्हा "आम्हाला वजन माहीत नव्हतं" असं कोणालाच म्हणता येणार नाही.

म्हणून रिफ्लेक्टरच्या कार्यक्रमासोबत कारखान्यांनी एक काम करावं. करार करतानाच ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांच्या आरसी बघून, त्या गाडीनं जास्तीत जास्त किती टन आणायचा हे कार्डावर लिहावं. काट्यावर त्याहून जास्त आला तर पहिल्यांदा समज, नंतर पुढची खेप बंद. कमी भरून येणाऱ्या गाडीला रांगेत आधी सोडावं. ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणाऱ्याला वाहतूक दरात चार पैसे जास्त द्यावेत. पासिंगपेक्षा जास्त भरणाऱ्याला फायदा आणि नियमानं चालणाऱ्याला तोटा, हा उलटा न्याय काट्यावरच थांबवता येतो. आरटीओचं पथक रोज प्रत्येक पाणंदीत उभं राहू शकत नाही. काटा मात्र रोज जागेवर असतो.

खेप निघायच्या आधी

कारखाना काय करेल ते करेल, तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. वाचून मोबाईल खिशात टाकायच्या आधी ट्रॅक्टरवाल्या पावण्याला पाठवा.

१. काट्याची जुनी पावती आणि ट्रॉल्यांच्या आरसी शेजारी ठेवा. भरलेल्या वजनातून ट्रॅक्टरचं वजन वजा करा. उरलेला आकडा दोन्ही आरसीच्या बेरजेपेक्षा किती जास्त आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

२. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकात मागं किती वजन लावायचं ते बघा. पुस्तक नसेल तर शोरूममधून लिहून मागा.

३. वाटेत उतार असेल तर एकच ट्रॉली न्या किंवा भार कमी करा. चढाला दुसरा ट्रॅक्टर लागतोय म्हणजे उताराला भार जास्त आहे, हे ठरलेलं.

४. फडातून रस्त्यावर चढताना थांबा. ब्रेकचे दोन्ही पायडल लॉक झाले का, डिफरन्शियल लॉक सुटला का, हुकाची पिन आणि क्लिप बसली का, हात लावून बघा.

५. उताराच्या आधी खालचा गिअर. न्यूट्रल नाही, क्लच नाही.

६. रिफ्लेक्टर फडक्यानं पुसा. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा जोडा. लाल कापड रात्री काळंच दिसतं.

७. गाडी बंद पडली तर रस्ता सोडून घ्या. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. गाडी निघून जाते आणि दगड तिथंच राहतात, त्यावर मागून येणारा मोटारसायकलवाला पडतो.

८. पॉलिसी काढून ट्रॉलीचा नंबर आणि वापराचा प्रकार वाचा. भाड्याची वाहतूक असेल तर विमा प्रतिनिधीला तसं स्पष्ट सांगून पॉलिसी बदलून घ्या.

९. उसावर माणूस नको. टोळीच्या घरी जाण्याची सोय वेगळी करा.

आमच्या पुतण्याचा हात बसला, ट्रॅक्टर अजून चालतो. त्या हंगामानंतर आम्ही ओढ्याच्या वाटेनं एकच ट्रॉली नेतो. मोठ्या रस्त्याला ट्रॉली सोडतो, ट्रॅक्टर परत येऊन दुसरी आणतो, आणि तिथून पुढं सपाटीला दोन्ही जोडतो. भरतोही आधीपेक्षा कमी. खेपेला तासभर जास्त लागतो, डिझेल थोडं जास्त जातं, हंगामाच्या शेवटी हिशेबात ते दिसतंही. भावकीत अजून कुरकुर आहे. परवाच एकजण म्हणाला, "एवढं भिऊन धंदा हुतोय व्हय?"

मी त्याला ओढ्याचा उतार दाखवला. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि शाळेची पोरं सायकलवरून खाली येत होती, पायडल न मारता.